डेकवरचे दोन डाग

"डेकवर ऑईलपेंट मारू नका हो. एका पावसात पोपडे निघतील, आणि ओल्यात पाय घसरेल तो वेगळाच!"

एका अनोळखी माणसाने लिओनाला हे अगदी स्पष्ट सांगितलं होतं. तिने ते मनावर घेतलं नाही... कारण सांगणाऱ्याच्या स्वतःच्या नाकावर हिरव्या रंगाचा ठिपका होता. ज्याला आपलं नाक सांभाळता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या डेकची काळजी कशाला करावी?

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. टेंभी नाक्याजवळच्या रंगाच्या दुकानात पंखा फिरत होता, पण वारा सगळा दुकानदाराच्याच अंगावर. लिओना कडेवरच्या चार वर्षांच्या स्टेलाला सावरत म्हणाली, "ग्रे द्या. गडद. खालचं काही म्हणजे काही दिसता कामा नये."

"कशावर मारायचाय?" हे दुकानदाराने नाही, शेजारी पोस्टर कलरचे डबे मोजत उभ्या असलेल्या त्या नाकवाल्याने विचारलं.

"डेकवर."

"बोट आहे तुमच्याकडे?"

"घर आहे. मागच्या दाराला लाकडी डेक आहे."

"लाकूड कुठलं?"

"जुना सागवान."

त्याचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. "सागवानावर ग्रे ऑईलपेंट! म्हणजे पुरणपोळीवर केचप. अहो, पेंट वर बसतो, स्टेन आत मुरतो. स्टेन लावा. लाकडाच्या रेषा कशा छान दिसतील—"

"तेच तर नकोय मला." लिओना फटकन बोलून गेली. मग जरा सावरून म्हणाली, "रंगाचा धंदा आहे का तुमचा?"

"छे. डोंबिवलीला शाळेत चित्रकला शिकवतो."

"आजपर्यंत डेक किती रंगवलेत?"

"एकही नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "माझ्याकडे साधी गॅलरीसुद्धा नाही. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची दांडी आहे, बस्स."

"आणि नाकाला काय लावलंय? पेंट, की स्टेन?"

त्याने घाईघाईने नाक पुसलं... नेमकं दुसऱ्या बाजूने. स्टेला खिदळली. ग्रे रंगाचा डबा घेऊन लिओना रिक्षात बसली, तेव्हा आरशात रिक्षावाला तिच्याकडे बघत होता. तेव्हा तिला कळलं, आपण अजून हसतोय. गालांना सवय राहिली नव्हती; जरासे दुखलेच.

सवय सुटायला कारण होतं. आणि त्या ग्रे रंगालाही तेच कारण होतं.

लिओनाचे डॅडी, युजीन, तरुणपणी जहाजावर सुतार होते. समुद्र सुटला, पण समुद्राची भाषा सुटली नाही. ठाण्याच्या गावठाणातल्या आपल्या कौलारू घरामागे त्यांनी पाडलेल्या घरांचं सागवान आणून फळ्या ठोकल्या, कडेला कठडा लावला आणि जाहीर केलं की हा डेक आहे. सगळी आळी त्याला ओटा म्हणायची. कोणी म्हटलं की डॅडी हटकून दुरुस्त करायचे, "ओटा नाय, डेक!"

त्याच डेकवर एका नाताळात लिओनाच्या नवऱ्याने, लॉईडने, कोळशाची शेगडी पेटवली होती. खाली लादी ठेवायला विसरला. शेगडी उचलली तर खाली ताटलीएवढं काळंभोर वर्तुळ! डॅडी ओरडले, लॉईड हसत सुटला. "डॅडी, सही केलीय मी तुमच्या जहाजावर."

पुढच्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं, आणि लॉईड गेला. स्टेला तेव्हा नुकती चालायला लागली होती. तेव्हापासून लिओनाचा हात येता-जाता लेकीच्या कपाळावर जायचा. ताप नाही ना? डास चावला नाही ना? कुंड्यांखालच्या ताटल्या ती रोज पालथ्या करायची. सकाळी स्टेलाला शाळेत सोडायची, मग स्वतः कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर. सगळं रीतसर चाललं होतं. फक्त मागचं दार उघडलं की ते वर्तुळ दिसायचं.

म्हणून ग्रे. सगळ्या फळ्या, सगळ्या चिरा, ते वर्तुळ... सगळं एकदाचं झाकून टाकायचं.

झाकलं. महिनाभर डेक कसा छान तुळतुळीत दिसला. मग पाऊस सुरू झाला. श्रावण येईपर्यंत रंगाला फोड आले, गणपतीत पोपडे निघाले, आणि एका सकाळी चहाचा मग घेऊन निघालेले डॅडी सपशेल आडवे झाले. हाताला प्लास्टर.

"मना काय नाय झायलं गो," ते पडल्या जागेवरून म्हणाले. "जहाज हललं."

लिओना रडली, ओरडली, मग परत रडली. आणि त्या सगळ्या गोंधळात तिला एक हिरवं नाक आठवत राहिलं.

*

नवरात्राच्या आधी टेंभी नाक्यावर मांडवाची धांदल असते. पोपडे काढायला पॉलिश पेपर आणि खरवडायची लोखंडी पत्री घ्यायला लिओना तिथे आली, तर एका शिडीवर चढून कोणीतरी भल्याथोरल्या पडद्यावर डोंगर रंगवत होतं. ती थांबली. तोच! शिडीवरून त्यानेही खाली पाहिलं, आणि ब्रश हातातच राहिला.

"आज नाक निळं आहे," लिओना म्हणाली.

"डेकवाल्या मॅडम!" तो धडाधडा खाली उतरला. नाक पुसायला गेला, मग थांबला. "कुठल्या बाजूला?"

"दोन्ही." मग तिचा आवाज उतरला. "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. पोपडे निघाले, आणि..."

"कोण पडलं?"

लिओना बघतच राहिली. 'मी म्हणालो होतो ना' असं जग म्हणतं. आळीत सगळ्यांनी म्हटलं होतं. या माणसाने आधी विचारलं—कोण पडलं.

"माझे डॅडी. हात मोडलाय. बरे आहेत आता, शिव्या देण्याइतके."

"चुकलंच माझं," तो गंभीरपणे म्हणाला. "मी त्या दिवशी जरा जास्त पटवून द्यायला हवं होतं. पुरणपोळीचं उदाहरण तुम्हाला लागू पडलं नसणार."

"आम्ही कॅथलिक आहोत, परग्रहावरचे नाही. पुरणपोळी खातो आम्ही."

"मग रविवारी येऊ? पोपडे काढायला. पुरणपोळी घेऊन."

असं कोणी अनोळखी माणसाला घरी बोलावतं का? काळजीखोर बाई तर नक्कीच नाही. पण लिओना म्हणाली, "नाव काय तुमचं?"

"महेंद्र ओव्हाळ. आधी सांगायला हवं होतं ना? आईसुद्धा हेच म्हणते, तुला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

*

तर महेंद्र रविवारी आला. ठाकुर्लीच्या आपल्या घरून, हातात पुरणपोळ्यांचा डबा, खिशात पत्री. डॅडींनी प्लास्टरातला हात कपाळाला लावून सलाम ठोकला.

"डेकवर यायचं तं चप्पल काढून. पयला नियम."

"आणि दुसरा?"

"कप्तानाशी वाद नाय."

शेजारच्या प्रिसिला आंटी, डॅडींची धाकटी बहीण, कुंपणावरून हे सगळं बघत होत्या. "लिओना, पेंटर भारी गोरागोमटा मिलवलास गो!"

"पेंटर नाहीत आंटी, सर आहेत. शाळेत शिकवतात."

"मंग ओटा खरवडायला कशाला आला?"

"डेक!" डॅडी आणि महेंद्र एकदम ओरडले. आणि त्या एका शब्दावर महेंद्र त्या घरात पास झाला.

खरवडणं हे फार वेळखाऊ काम. शेजारी शेजारी उकिडवं बसायचं, पत्री घालायची, ग्रे रंगाची साल उचकटायची. खालून हळूहळू मधासारखं लाकूड वर यायचं. महेंद्रला कामाची सवय नव्हती. पहिल्याच रविवारी दोन बोटांना फोड आले. दुसऱ्या रविवारी रंग काढायचं कसलंसं रसायन आणलं, ते स्वतःच्याच चपलेवर सांडलं, आणि चपलेचा तळ विरघळून पायरीला चिकटला. डॅडी इतके हसले की प्लास्टर सैल झालं.

"तुम्हाला खरंच काही येत नाही ना?" लिओनाने त्याच्या बोटाला पट्टी लावत विचारलं.

"मत मांडता येतं," तो म्हणाला. "ते मी फार चांगलं मांडतो."

"मग मांडा. पेंट का स्टेन?"

"मी मुलांना काय सांगतो माहितीये? पोस्टर कलर लावला की कागद गप्प बसतो. जलरंग लावला की कागद पण बोलतो. मला बोलणारा कागद आवडतो."

"आणि कागदाला बोलायचंच नसेल तर?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. "मग वाट बघायची," तो हळूच म्हणाला, आणि पुन्हा खरवडायला लागला. लिओनाने उगाचच त्याच्या बोटाची पट्टी परत एकदा तपासली.

नाताळ आला, गेला. सगळा डेक मोकळा झाला, एक कोपरा सोडून. त्या कोपऱ्याजवळ पत्री गेली की लिओना म्हणायची, "ते राहू द्या." महेंद्र राहू द्यायचा. का, कशाला, एका शब्दाने विचारलं नाही. शेवटी स्टेलानेच एक दिवस बोट दाखवून सांगितलं, "तिथे पप्पाची शेगडी होती. ममाने पप्पाच्या गोल गोलवर कलर लावला."

महेंद्रने पत्री खाली ठेवली. स्टेलाला म्हणाला, "मग ते ममाचं आहे. आपण नाही हात लावायचा." लिओना दारात उभी होती. तिने हातातला चहा त्याच्यापुढे ठेवला.

काम तसं संपलं होतं. पण महेंद्र येत राहिला. कधी पॉलिश पेपरचा एक हात राहिलाय म्हणून, कधी स्टेनचे नमुने आणलेत म्हणून. कठड्याच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्याने सागवानी, अक्रोडी, मधाळ असे पट्टे ओढले होते. लिओना रोज सकाळी त्या पट्ट्यांवर बोट फिरवायची आणि स्वतःलाच दटावायची. काय चाललंय लिओना तुझं? रंग निवडतेयस की...

*

एप्रिलमध्ये प्रिसिला आंटींचा बॉटल मसाला असतो. आमच्या आळीत म्हणतात, घरातलं लग्न चुकलं तर चालेल, बॉटल मसाला चुकता कामा नये. मिरच्या, धणे, हळद, तिरफळ, नागकेशर... सगळं उन्हात वाळवायचं, भाजायचं, कुटायचं आणि गडद बाटल्यांत दाबून दाबून भरायचं. आणि वाळवायची जागा ठरलेली, युजीनचा डेक. पिढीजात हक्कच.

पण डेकला यंदा रंगच नव्हता. कोरं, उघडं, तहानलेलं लाकूड. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. आंटींनी जुन्या चादरी पसरल्या, त्यावर कुटलेला मसाला थंड करायला घातला, आणि हळदीची परात महेंद्रच्या हातात दिली.

"सर, जरा तिकडं ठेव बाबा. सांभालून!"

महेंद्र सांभाळूनच निघाला होता. पण मिरचीचा खकाणा नाकात गेला. एक शिंक, दुसरी शिंक, आणि तिसऱ्या शिंकेला चादरीच्या काठात पाय अडकून तो मसाल्यावर बसकण मारून बसला. परात डोक्यावरून पलीकडे. हळद वर, मिरची खाली, मध्ये सर.

"माजा मसाला!" आंटी किंचाळल्या.

"मॅन ओव्हरबोर्ड!" डॅडी आनंदाने ओरडले.

आणि कोणी काही करायच्या आत, 'नाकवाले अंकल'ना वाचवायला स्टेला झाडांचा पाईप घेऊन धावली. पाणी सुरू!

झालं. ओली हळद, ओली मिरची, आणि कोरं सागवान. लाकूड ते घटाघटा प्यायलं. लिओना हसत हसत कठड्याला टेकली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. महेंद्र उठला तेव्हा डेकवर भला मोठा पिवळा-लाल डाग उमटला होता... नेमका त्या न खरवडलेल्या ग्रे कोपऱ्याला खेटून.

घासलं, पुसलं, साबण लावला. डाग जागचा हलेना.

संध्याकाळी डॅडी खुर्चीवर बसून म्हणाले, "आता पावसाला जास्त येल नाय. पुढच्या रविवारी काय ता ठरवा. पेंट, का तुमचा तो स्टेन?"

महेंद्रचे कान अजून पिवळे होते. "लिओना ठरवेल," तो म्हणाला. 'लिओनामॅडम' कधी गळून पडलं होतं, कुणालाच आठवत नव्हतं.

तो आठवडा तिला फार जड गेला. पेंट मारला तर दोन्ही डाग झाकले जातील... आणि महेंद्रचं या डेकवर काहीच उरणार नाही. स्टेन लावला तर तो ग्रे कोपरा खरवडावा लागेल, आणि लॉईडचं वर्तुळ कायमचं वर येईल. रोज. चहा पिताना, केस वाळवताना. तिला एकटीला ते आता चाललं असतं. कसं कोण जाणे, पण चाललं असतं. पण महेंद्र? कुठल्या माणसाला दुसऱ्याच्या सहीशेजारी बसून चहा प्यावासा वाटेल?

रविवारी तो यायच्या आधीच ती कामाला लागली. कोपऱ्यातला ग्रे रंग खरवडला. खालून वर्तुळ आलं, तसंच, काळंभोर. डोळे भरून आले, तरी तिने पॉलिश पेपर घेतला आणि ते घासायला सुरुवात केली.

"अगं, काय करतेस हे?"

महेंद्र दारात होता. हातात स्टेनचा डबा. लिओनाने वर पाहिलं नाही. "घासतेय. जाईल. जरा खोल आहे, पण जाईल..."

तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. "कुणासाठी?"

ती घासतच राहिली.

"लिओना, कुणासाठी घासतेस?"

"तुझ्यासाठी!" ती एकदम म्हणाली. तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' आलं, आणि रागावून आलं. "तुला नाही का वाटणार... स्टेन लावला की हे दिसत राहणार, रे. रोज. तू म्हणशील आत्ता, की चालेल. पण रोज कसं चालेल?"

महेंद्रने तिच्या हातातून पॉलिश पेपर काढून घेतला. हळूच... बोटं सोडवत. मग त्या वर्तुळावरची धूळ फुंकली आणि शेजारच्या पिवळ्या-लाल डागावर जाऊन बसला. मांडी घालून, ऐसपैस.

"हे बघ," तो म्हणाला. "त्यांची जागा ती. माझी ही. माझी जरा मोठी आहे, आणि तिला मसाल्याचा वास येतो, पण मी स्वतः मिळवलेली आहे. पडून मिळवलेली." तो थांबला. नेहमीचं मत मांडणं आता जमेना. "मला... मला फक्त शेजारी बसायचंय, लिओना. झाकून नाही. शेजारी. चालेल?"

कुंपणापलीकडे प्रिसिला आंटींचं भांडं घासणं थांबलं होतं. जिन्याजवळ डॅडी वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते.

लिओनाने तळहाताने डोळे पुसले. हाताला लाकडाचा भुसा होता, तो गालाला लागला.

"सुरुवात कुठून करायची, कळलं म्हणायचं तुला," ती म्हणाली.

"म्हणजे... हो?"

"म्हणजे स्टेन." मग खूप हळू, "म्हणजे हो, रे."

"किती येल लावलात!" आंटी कुंपणावरून ओरडल्या. "मी कवापासून भांडी घासते हाय!"

*

मधाळ स्टेन लागला. दोघांनी मिळून लावला, रेषेच्या दिशेने, एक फळी तिची, एक फळी त्याची. लावताना महेंद्रच्या नाकाला लागलाच. तिने पुसला. बरोबर बाजूने.

लग्न ठाण्याला रजिस्ट्रारकडे झालं. आशीर्वाद दोन्हीकडचे मिळाले, एकीकडे चर्चमधले फादर घरी येऊन गेले, दुसरीकडे ठाकुर्लीच्या विहारात वंदना झाली. महेंद्रच्या आई, शकूताई, एवढंच म्हणाल्या, "नातीला पुरण आवडतं ना? मग बाकी मी बघते." स्टेला आता ममाबरोबर ठाकुर्लीत राहते, आजीच्या पोळ्यांवर, आणि नव्या बाबांच्या शाळेत जाते. तिच्या कपाळावर लिओनाचा हात अजून जातो. पण आता कधीकधी ती दिवसभर विसरते, आणि संध्याकाळी आठवलं की स्वतःवरच हसते.

दोन पावसाळे झाले. डागातला पिवळा उन्हाने उडाला, लाल मात्र राहिलाय, जरासा, लाकडात मुरलेला. त्याच्या शेजारी काळं वर्तुळ. समोर डॅडींची खुर्ची.

डॅडी मात्र ठाण्यातच आहेत. "कप्तान डेक सोडत नाय," असं म्हणतात. लिओना रोज फोन करते. ते म्हणतात, सगळं ठीक. पण फोनवर काय, कोणीही सांगेल. आंटी हल्ली मुलाकडे गेलेल्या असतात, आणि शनिवार-रविवार सोडून इतर दिवशी त्या घरी दुसरं कोणी नसतं.

तेव्हा तुम्ही ठाण्यात असाल आणि त्या गावठाणावरून जाणं झालं, तर लिओनासाठी एवढं कराच. मागच्या बाजूने जा. मधाच्या रंगाचा डेक लगेच ओळखू येईल. हाक मारा. पाऊस पडून गेलेला असेल तर डॅडी कठडा धरून चालतायत ना, तेवढं बघा. आणि एक लक्षात ठेवा, चुकूनही त्याला ओटा म्हणू नका. रागाने उठून उभे राहतील, आणि त्यांना घाईने उठू द्यायचं नाहीये.